कोल्हापुरी चप्पल, तिचे कारागीर आणि जगाचा बाजार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या मिलानमधील शोमध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल दिसली आणि तेव्हापासून कोल्हापूर परिसरातील माणूस बाहेरगावी गेला की त्याला तिच्याविषयी हमखास विचारले जाते. प्रश्न बहुधा तेच असतात; उत्तरे मात्र घाईत दिली जातात आणि त्यांत कारागिरापेक्षा कंपनीविषयीच अधिक बोलले जाते. म्हणून ते प्रश्न येथे एकत्र करून त्यांची सविस्तर उत्तरे दिली आहेत.

ही चप्पल नेमके कोण बनवते? ती फक्त कोल्हापुरातच बनते का?

नाही. तिच्या भौगोलिक मानांकनात (एखाद्या प्रदेशाच्या मालाच्या नावाला मिळणाऱ्या कायदेशीर संरक्षणात) कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर हे महाराष्ट्रातील चार आणि बेळगाव, बागलकोट, धारवाड व विजापूर हे कर्नाटकातील चार जिल्हे येतात. कोल्हापूरच्या शिवाजी मार्केटजवळील चप्पल लाईनमध्ये विकला जाणारा जोड निपाणी किंवा अथणीकडच्या एखाद्या घरात शिवलेला असणे ही नेहमीची गोष्ट आहे. राज्यांची सीमा आखली गेली त्याच्या कितीतरी आधीपासून हा धंदा दोन्हीकडे चालत आला आहे. कातडे कमावण्याचे काम परंपरेने ढोर समाजाकडे आणि चप्पल बनवण्याचे काम चर्मकार समाजाकडे होते. कर्नाटकात हेच काम समगार समाज करतो. बाराव्या शतकातील लिंगायत संत (शरण) हरळय्यांनी आपल्या मांडीचे कातडे काढून बसवेश्वरांसाठी पादत्राणे केली, ही कथा या भागात आजही सांगितली जाते. कथेचा ऐतिहासिक खरेपणा बाजूला ठेवला, तरी कारागिराला आपल्या कामाबद्दल काय वाटत आले असेल याचा अंदाज तीवरून येतो.

चप्पल शेकडो वर्षे जशीच्या तशी आहे, हे खरे का?

हा समज पसरवण्यात विक्रेत्यांचा वाटा मोठा आहे. जुनी कापशी चप्पल जाड, जड आणि शेतकऱ्याच्या पायाला शोभेल अशी असे. ती करकर वाजत असे आणि त्या आवाजाचीच ऐट होती. आज शहरी ग्राहक जिला कोल्हापुरी म्हणून ओळखतो ती पातळ, हलकी, दोन्ही बाजूंना कान (बाजूला निघालेले चामड्याचे तुकडे) असलेली चप्पल त्या मानाने अलीकडची आहे. १९२०च्या सुमारास कोल्हापुरातील सौदागर घराण्याने ती घडवली आणि मुंबईच्या एका दुकानात नमुने पाठवून तेथील गिऱ्हाइकांच्या पसंतीस उतरवली, असे धंद्यातले लोक सांगतात. म्हणजे ज्या रूपाला आपण 'परंपरा' म्हणतो, तेच मुळात मुंबईच्या बाजारासाठी केलेल्या बदलातून आलेले आहे. त्याआधी छत्रपती शाहू महाराजांच्या कारकिर्दीत (१८९४ ते १९२२) या धंद्याला राजाश्रय मिळाला होता. पुढे १९७०च्या दशकात हिप्पी तरुणांच्या पायांतून ती युरोप-अमेरिकेत पोहोचली आणि परदेशी मागणीप्रमाणे रंग, पट्ट्यांची रुंदी, टाचेची उंची सगळेच बदलत गेले. कारागिराला बदल नको असतो, हे मत ज्याने कुणी पहिल्यांदा मांडले त्याने कारागिराचे घर पाहिलेले नसावे.

मग जुळवून घेण्यात अडचण कुठे येते?

हात तयार आहेत आणि बदलायची तयारीही आहे. अडते ते चामडे, भांडवल आणि भाव ठरवण्याचा हक्क या तीन ठिकाणी. पुढील बहुतेक उत्तरे या ना त्या वाटेने याच तीन गोष्टींपाशी येतात.

एक जोड कसा तयार होतो?

कोल्हापुरातील सुभाषनगर किंवा जवाहरनगरच्या गल्लीत सकाळी गेलात, तर उंबऱ्याशी बसलेली एखादी बाई पायाच्या अंगठ्यात वादीचे (चामड्याच्या बारीक पट्टीचे) टोक अडकवून वेणी घालताना दिसते. दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणून पायाचाच चिमटा केलेला असतो. तिच्यामागे घरात पुरुष माणूस ओल्या चामड्यावर कागदाचा साचा ठेवून रापीने (चामडे कापायच्या पात्याने) तळ कापत असतो. तळ सहसा म्हशीच्या जाड चामड्याचा आणि वेणी व नाजूक पट्ट्या शेळीच्या मऊ चामड्याच्या असतात. तळाच्या थरांना आरीने भोके पाडून ते चामड्याच्याच वादीने शिवतात. अस्सल चपलेत खिळा नसतो. मग कान बसतात, पट्टा येतो, अंगठा (पायाचा अंगठा अडकवायचे वेटोळे) येतो, कुठे गोंडा लागतो, आणि शेवटी तेल-पाणी होऊन जोड उन्हात जातो. पावसाळ्यात हे ऊनच मिळत नाही, त्यामुळे जून ते सप्टेंबर काम मंदावते. नेमक्या याच काळात दिवाळीच्या मालाची मागणी नोंदवली जात असते, आणि व्यापाऱ्याकडून घेतलेली उचलही याच महिन्यांत वाढते.

चामडे कुठून येते? तीच सर्वांत मोठी अडचण आहे असे का म्हणतात?

कोल्हापुरी चपलेचे चामडे वनस्पतिजन्य पदार्थांनी, मुख्यत: बाभळीची साल आणि हिरडा यांनी, कमावलेले असावे लागते. मानांकनाच्या तपशिलातही तसेच नमूद आहे. या पद्धतीत कातडे कित्येक आठवडे हौदात मुरते. याउलट क्रोमियमच्या क्षारांनी तेच काम एक-दोन दिवसांत उरकते. जो कारखानदार महिन्याला पंधरा खेपा काढू शकतो त्याच्याशी एकच खेप काढणाऱ्याची स्पर्धा होऊ शकत नाही, हे सांगायला अर्थशास्त्र शिकावे लागत नाही. त्यामुळे स्थानिक हौद बंद पडत गेले, कमावणाऱ्या कुटुंबांतील पुढची पिढी दुसरीकडे गेली आणि आज बरेचसे चामडे तामिळनाडूतून आणावे लागते.

त्यात कायद्याची भर पडली. महाराष्ट्र प्राणी संरक्षण (सुधारणा) कायदा मार्च २०१५ मध्ये लागू झाला आणि गायीबरोबरच वळू व बैल यांच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हशीला या बंदीतून वगळलेले आहे. तरीही वाहतुकीत अडवणूक होण्याच्या भीतीने कातड्याची सगळीच ने-आण जिकिरीची झाली. कर्नाटकात अशीच कठोर तरतूद २०२१ मध्ये अमलात आली. म्हणजे मानांकनाचे आठही जिल्हे या कचाट्यात आले. त्या बंदीचे समर्थन करावे की विरोध, हा येथील विषय नाही. एवढे मात्र नोंदवायला हवे की एका हाताने हस्तकलेचा गौरव करताना दुसऱ्या हाताने तिच्या कच्च्या मालाची वाट अरुंद झाली, आणि चढ्या भावाचा बोजा व्यापाऱ्याने नव्हे तर उचल घेऊन काम करणाऱ्याने उचलला.

प्राडाच्या बाबतीत नेमके काय घडले?

जून २०२५ मध्ये मिलान येथे प्राडाने पुरुषांच्या २०२६च्या उन्हाळी कपड्यांचे प्रदर्शन केले. त्यात काही मॉडेलच्या पायांत अंगठा आणि वेणी असलेल्या चपला होत्या, पण त्यांचे वर्णन केवळ 'चामड्याच्या सँडल' असे होते. कोल्हापूरचा कुठेच उल्लेख नव्हता. येथे संताप उसळल्यावर महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने कंपनीला पत्र लिहिले, आणि या रचनेला भारतीय हस्तनिर्मित पादत्राणांपासून प्रेरणा मिळाल्याचे कंपनीने मान्य केले. जुलैमध्ये कंपनीचे पथक कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटून गेले. मुंबई उच्च न्यायालयात एक जनहित याचिकाही दाखल झाली होती. मानांकनाचे नोंदणीकृत मालक याचिकाकर्ते नाहीत, या मुद्द्यावर ती जुलै २०२५ मध्ये फेटाळली गेली.

भौगोलिक मानांकन असूनही परदेशी कंपनीला रोखता का आले नाही?

हा प्रश्न सर्वाधिक विचारला जातो आणि याचेच उत्तर सर्वांत कमी लोकांना ठाऊक असते. भौगोलिक मानांकन नावाचे रक्षण करते, आकाराचे नाही. दार्जिलिंगबाहेरचा चहा 'दार्जिलिंग' म्हणून विकणे गुन्हा ठरतो, पण तशाच चवीचा चहा दुसऱ्या नावाने विकण्यास कुणी हरकत घेऊ शकत नाही. प्राडाने 'कोल्हापुरी' हा शब्द वापरलाच नव्हता. कारागिरांना ज्याचा राग आला, म्हणजे नाव न घेणे, त्याच गोष्टीमुळे कंपनी कायद्याच्या चौकटीत सुरक्षित राहिली.

दुसरे असे की मानांकन त्या त्या देशापुरते असते. आपला कायदा १९९९ मध्ये झाला, १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आला आणि त्याखाली कोल्हापुरी चपलेची नोंदणी २०१९ मध्ये झाली. तिची सत्ता भारताच्या सीमेवर संपते. जागतिक व्यापार संघटनेच्या बौद्धिक संपदेविषयीच्या ट्रिप्स करारात मद्याच्या नावांना जे जादा संरक्षण आहे ते इतर वस्तूंना नाही. फ्रान्समधल्या शॅम्पेनच्या द्राक्षबागायतदाराला जे मिळते ते अथणीच्या कारागिराला मिळत नाही, कारण करार लिहिला जात असताना टेबलावर कोण बसले होते हे उघड आहे.

एक दार मात्र नव्याने उघडले आहे. युरोपीय संघाने हस्तकला व औद्योगिक वस्तूंसाठी स्वतंत्र भौगोलिक मानांकनाचा नियम २०२३ मध्ये केला आणि तो १ डिसेंबर २०२५ पासून लागू झाला. संघाबाहेरील देशांतील उत्पादकही त्याखाली अर्ज करू शकतात. चपलेचे मानांकन महाराष्ट्राचे संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ आणि कर्नाटकाचे डॉ. बाबू जगजीवनराम चर्मोद्योग विकास महामंडळ यांच्याकडे संयुक्तपणे आहे. तेव्हा तेथे नोंदणी करायची, तर पुढाकार त्यांनाच घ्यावा लागेल. वृत्तवाहिन्यांवरील चर्चेपेक्षा त्या अर्जाचा उपयोग अधिक होईल.

प्राडाशी पुढे करार झाला ना? त्यातून कारागिरांना काय मिळणार?

होय. डिसेंबर २०२५ मध्ये कंपनीने दोन्ही महामंडळांशी सामंजस्य करार केला. महाराष्ट्र व कर्नाटकातील कारागिरांकडून सुमारे २,००० जोड बनवून घ्यायचे, ते जोडाला सुमारे ८०० युरो भावाने विकायचे आणि सोबत प्रशिक्षणाचे कार्यक्रम घ्यायचे, असे जाहीर झाले. आपल्याकडे चांगला हातशिलाईचा जोड हजार-दोन हजार रुपयांत मिळतो, हे ध्यानात घेतले की आकड्यातील अंतर डोळ्यांत भरते. तरीही ८०० युरोंतले किती कारागिराच्या हातात पडतात, हा आकडा कराराच्या बातम्यांत ठळक नव्हता, आणि आमच्या दृष्टीने तोच एकमेव महत्त्वाचा आकडा आहे. दोन हजार जोड हा आठ जिल्ह्यांच्या मानाने किरकोळ माल आहे. खरा लाभ झालाच तर तो अप्रत्यक्ष असेल: प्रकरण गाजल्यावर दुकानांत आणि ऑनलाइन चौकशा वाढल्या, आणि 'अहो, एवढ्याला देता का?' असे घासाघीस करणारे गिऱ्हाईक निदान काही दिवस गप्प बसले.

निर्यात करायची असेल तर कारागिराला काय काय बदलावे लागते?

जुनी पद्धत अशी की गिऱ्हाईक दुकानात येते, कागदावर पाय ठेवते, पेन्सिलीने पायाभोवती रेघ ओढली जाते आणि आठवड्याने त्या पायाचा जोड मिळतो. डाव्या-उजव्या पायांत फरक असेल तर तोही चपलेत उतरतो. परदेशी खरेदीदाराला पाय दाखवायचा नसतो. त्याला ठरावीक क्रमांकाचे पाचशे जोड हवे असतात आणि पाचशेही सारखेच हवे असतात. हाताने कापणाऱ्याला हे सांगणे म्हणजे त्याच्या कौशल्यातील निम्मा भाग बाजूला ठेवायला सांगणे होय. अथणी येथील 'टोहोल्ड' या कारागिरांच्या संस्थेने हा बदल करून दाखवला. मापांचे प्रमाणीकरण, दर्जाची तपासणी आणि नवीन रचना यांच्या बळावर तिने आपला माल परदेशात पोहोचवला, आणि त्यात स्त्रियांचे बचत गट मध्यवर्ती राहिले.

दुसरी अडचण बुरशीची. वनस्पतिजन्य चामडे ओल धरते, आणि दमट हवेत भरलेला माल जहाजातून जाताना खोक्यातच पांढरा पडतो. पहिल्याच खेपेला असे झाले की खरेदीदार पुन्हा फोन उचलत नाही. सुकवणे आणि बांधणी यांचे शिक्षण डिझाइनच्या कार्यशाळेइतकेच गरजेचे असते, पण कार्यशाळा डिझाइनच्याच अधिक होतात, कारण त्यांचे फोटो चांगले येतात.

एका बाबतीत मात्र जुनी रीत आज फायद्याची ठरते. युरोपीय संघात त्वचेला लागणाऱ्या चामड्याच्या वस्तूंमध्ये क्रोमियम-सहा या घातक घटकाचे प्रमाण किलोमागे ३ मिलिग्रॅमच्या आत असावे लागते. हा नियम १ मे २०१५ पासून लागू आहे. क्रोमने कमावलेल्या मालाला त्यासाठी सतत चाचण्या द्याव्या लागतात. बाभूळ-हिरड्याच्या चामड्यात क्रोमियम वापरलेलेच नसते. ज्या पद्धतीला मंद म्हणून मोडीत काढले, तीच तेथे अधिक किमतीला विकता येईल. फक्त चामडे खरोखर तसे आहे याचा कागद लागतो, आणि तो मिळवण्याचा खर्च सुट्या कारागिराच्या आवाक्यातला नसतो. अशा कामासाठीच सहकारी संस्था हवी.

या धंद्यात स्त्रियांचा वाटा किती?

वेणी, गोंडे, पट्ट्यांवरील बारीक काम आणि बरीचशी शिलाई त्यांच्या हातची असते. पैसे नगावर मिळतात आणि दुकानाशी व्यवहार बहुधा पुरुष करतो. त्यामुळे कारागीर म्हणून ओळखपत्र, कर्ज किंवा प्रशिक्षण देताना घरातील एकाच नावाची नोंद होते आणि ते नाव तिचे नसते.

कर आणि सरकारी योजनांचा परिणाम काय?

वस्तू व सेवा कराचे दर सारखे बदलत राहिले. हजार रुपयांपर्यंतच्या पादत्राणांवर ५ टक्के असलेला कर १ जानेवारी २०२२ पासून १२ टक्के झाला, आणि स्वस्त जोड विकणाऱ्याला त्याची झळ बसली. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या पादत्राणांवर पुन्हा ५ टक्के कर आहे; कोल्हापुरी चपलेचे बहुतेक प्रकार त्यात बसतात. १ ऑक्टोबर २०२३ पासून लहान विक्रेत्यांना करनोंदणीशिवाय ऑनलाइन बाजारपेठांवरून राज्यांतर्गत विक्री करता येते, ही सवलतही उपयोगाची आहे.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत चर्मकाराचा समावेश आहे. अवजारांसाठी १५,००० रुपये आणि दोन टप्प्यांत मिळून तीन लाखांपर्यंतचे कर्ज ५ टक्के व्याजाने मिळू शकते. ज्याला व्यापाऱ्याच्या उचलीतून सुटायचे आहे त्याने याची चौकशी अवश्य करावी. मात्र कर्ज मिळाले तरी माल विकत घेणारा तोच व्यापारी असेल, तर सुटका अर्धीच होते.

पुढची पिढी या धंद्यात का राहत नाही?

उत्पन्न हे एक कारण झाले. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत महिन्याच्या महिन्याला पगार मिळतो, आणि पावसाळ्यात तो बंद पडत नाही. पण दुसरे कारण बोलताना लोक आवाज खाली आणतात. चप्पल जगभर मिरवली गेली, पण ती बनवणाऱ्याच्या जातीला मिळालेली वागणूक त्या वेगाने बदलली नाही. कोल्हापुरी बोलीत 'पायताण' हा शब्द आजही धमकी म्हणून वापरला जातो, आणि चामड्याचे काम करणाऱ्याच्या मुलाला शाळेत काय ऐकावे लागले हे त्या पिढीला विचारावे. 'परंपरा जपा' असा उपदेश त्या मुलाला करणाऱ्याने आधी स्वत:च्या मुलाला रापी धरायला लावली असती का, याचे उत्तर द्यायला हवे. जी थोडी मुले परत येत आहेत ती मोबाइलवरून थेट गिऱ्हाइकाला माल विकतात, स्वत:चे नाव लावतात आणि भाव स्वत: सांगतात. त्यांना परत आणले ते या तिसऱ्या गोष्टीने.

अस्सल चप्पल कशी ओळखावी? परदेशात राहणाऱ्यांनी ती कशी मागवावी?

देशभर 'कोल्हापुरी' म्हणून जे विकले जाते त्यात रेक्झिन आणि यंत्रावर चिकटवलेला माल पुष्कळ असतो. चप्पल हातात घ्यावी, तळाच्या कडेला वादीची शिलाई दिसते का पाहावे, वास घ्यावा आणि खिळे शोधावेत. चर्मोद्योग महामंडळाने मानांकित मालासाठी क्यूआर कोडची व्यवस्था आणली आहे. तो असल्यास स्कॅन करून कारागिराची माहिती पाहता येते. परदेशातून मागवताना क्रमांकाबरोबर कागदावर काढलेल्या पायाचा फोटोही पाठवावा, बहुतेक कारागीर त्यावरून अचूक माप धरतात. पहिले चार दिवस चप्पल चावते. खोबरेल तेल लावावे आणि मोज्यांसकट घरात वापरून मऊ करावी. पाण्यात भिजवू नये. भिजलीच तर सावलीत वाळवावी.

उद्या मागणी दुप्पट झाली, तर माल पुरवता येईल का?

लगेच नाही. वेणी घालणारे हात काही महिन्यांत शिकवून तयार करता येतील, पण हिरडा-बाभळीचे चामडे आठवड्यांच्या हिशेबानेच तयार होते आणि ते कमावणारी माणसे आता थोडी उरली आहेत. मागणीच्या घाईत क्रोमचे चामडे वापरले गेले, तर मानांकनाची अट मोडते आणि युरोपात दाखवायचा कागदही निकामी होतो. म्हणून काही कारागीर मोठी मागणी नाकारतात. आमच्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या कारागिराने मुंबईच्या व्यापाऱ्याला महिन्यात तीनशे जोड जमणार नाहीत, सत्तर देतो, असे सांगितले. व्यापारी निघून गेला. दिवाळीनंतर तो परत आला आणि सत्तरच घेऊन गेला. या वेळी भाव म्हाताऱ्याने सांगितला होता.